युद्ध संपतं, पण जमीन मोकळी कधी होते?

28 डिसेंबर 2018 रोजी कोलकात्याच्या नेताजी सुभाष गोदीत गाळ उपसण्याचं काम चालू होतं. मोठ्या बंदरात हे काम वर्षभर चालतच असतं. हुगळी नदी गाळ आणते, बंदर तो काढतं, तेव्हा कुठे जहाजं धक्क्याला लागू शकतात. पण त्या दिवशी गाळाबरोबर एक लांबट लोखंडी वस्तू वर आली. तो विमानातून टाकायचा बॉम्ब होता. वजन सुमारे 450 किलो. काम थांबलं, आजूबाजूची माणसं दूर झाली, पोलीस आणि नौदलाला कळवण्यात आलं. हा बॉम्ब दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला असावा, असं पाहणी करणाऱ्यांचं म्हणणं पडलं.

म्हणजे 70 वर्षांहून जास्त काळ तो तिथेच पडून होता. देश स्वतंत्र झाला, बंदराची आणि रस्त्यांची नावं बदलली, तीन पिढ्या त्या गोदीत काम करून निवृत्त झाल्या. त्यांच्यापैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

युद्ध कधी सुरू झालं आणि कधी संपलं, याच्या तारखा आपण शाळेत पाठ करतो. पण जिथे युद्ध झालं, तिथल्या माणसांसाठी ते त्या तारखेला संपतंच असं नाही. मागे राहिलेले बॉम्ब आणि भूसुरुंग ना तह जाणतात, ना स्वातंत्र्यदिन. ते कुणीतरी शोधून काढावे लागतात. हे काम कोण करतं, कसं करतं आणि त्यानंतर गावं पुन्हा कशी उभी राहतात, हे या लेखात पाहू. वाटेत कोलकाता भेटेल, पुण्याजवळची खडकी भेटेल आणि आपलं गडचिरोलीही.

कोलकात्यावर बॉम्ब पडले तेव्हा

आजच्या मुलांना कदाचित खरं वाटणार नाही, पण कोलकात्यावर जपानी विमानांनी खरोखरच बॉम्ब टाकले होते. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि कोलकाता एकदम युद्धाच्या टप्प्यात आलं. त्याच वर्षी 20 डिसेंबरच्या रात्री पहिला हवाई हल्ला झाला. पुढे आणखी हल्ले झाले. 5 डिसेंबर 1943 रोजी तर भर दिवसा खिदिरपूरच्या गोदीवर बॉम्ब पडले आणि शेकडो माणसं मेली. त्यात बहुतेक गोदीवर काम करणारे मजूर होते.

त्या दिवसांत शहराच्या मधोमध असलेल्या रेड रोडवरून लढाऊ विमानं उडत. नवा हावडा पूल फेब्रुवारी 1943 मध्ये खुला झाला, तोही गाजावाजा न करता. खरगपूरच्या परिसरात अमेरिकेच्या मोठ्या बॉम्बफेकी विमानांचे तळ होते. शत्रूचे बॉम्ब वरून येत होते आणि मित्रसैन्याचे बॉम्ब बंदरातून उतरून तळांकडे जात होते.

एवढी उलाढाल झाली की काहीतरी मागे राहतंच. म्हणूनच पश्चिम बंगालमध्ये आजही अधूनमधून जुने बॉम्ब सापडतात. 2024 मध्ये झारग्राम जिल्ह्यातल्या गोपीबल्लभपूर भागात असाच एक बॉम्ब निघाला. गावकऱ्यांना आधी दूर नेण्यात आलं आणि मग जाणकारांच्या पथकाने तो निकामी केला. ना युद्ध पाहिलेली, ना त्या युद्धाशी काही देणंघेणं असलेली माणसं, पण घर सोडून बाहेर उभं राहायची वेळ त्यांच्यावर आली.

भूसुरुंग वेगळा कशामुळे?

न फुटलेला बॉम्ब हा फसलेला बॉम्ब असतो. तो पडताना फुटायला हवा होता, काही कारणाने फुटला नाही. भूसुरुंगाचं तसं नाही. त्याचं काम म्हणजे वाट पाहत बसणं. तो जमिनीत पुरतात आणि कुणाचं तरी पाऊल पडेपर्यंत तो तिथेच राहतो. ते पाऊल सैनिकाचं आहे, गुराख्याचं आहे की चेंडूमागे धावणाऱ्या मुलाचं, हे त्याला कळत नाही. माणसांसाठी पुरलेला सुरुंग तळहातावर मावेल एवढाही असू शकतो आणि लहान मुलाचं वजनही तो उडवायला पुरतं. रणगाड्यांसाठीचे सुरुंग मोठे असतात आणि जास्त वजन पडल्यावरच उडतात. पण बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा प्रवाशांनी भरलेली जीप यांचं वजन त्याला भरपूर होतं.

हिशोबही विचित्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या एका जुन्या अंदाजानुसार साधा सुरुंग बनवायला 3 ते 30 डॉलर लागतात, तर तोच जमिनीतून सुरक्षितपणे काढायला 300 ते 1,000 डॉलर. पुरायला काही मिनिटं लागतात, काढायला वर्षं.

आणि भोगतं कोण? जगभरातल्या अपघातांची नोंद ठेवणाऱ्या 'लँडमाईन मॉनिटर'च्या अहवालानुसार 2023 या एका वर्षात सुरुंग आणि मागे राहिलेल्या स्फोटकांमुळे किमान 5,757 माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यातली 84 टक्के सामान्य नागरिक होती. ज्या नागरिकांचं वय कळलं, त्यांत 37 टक्के मुलं होती.

सगळ्यांच्या पुढे चालणारे सॅपर

सैन्यात सुरुंग काढणाऱ्यांना सॅपर म्हणतात. पूल बांधणं, रस्ते करणं आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढणं ही त्यांची कामं. भारतीय सैन्यातल्या तीन जुन्या सॅपर दलांपैकी एक, बॉम्बे सॅपर्स, पुण्याजवळ खडकीला आहे. या एकाच दलातल्या दोन तरुण अधिकाऱ्यांची गोष्ट प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवी.

पहिले प्रेमिंद्रसिंग भगत. 1941 च्या जानेवारीअखेर ते आफ्रिकेत, आजच्या इथिओपियाच्या भूमीवर लढत होते. इटालियन सैन्य मागे हटत होतं आणि जाताना रस्त्यात सुरुंग पेरत होतं. सेकंड लेफ्टनंट भगत आपल्या तुकडीसह सर्वांत पुढच्या गाडीत होते. चार दिवसांत त्यांनी 55 मैलांचा, म्हणजे जवळपास 88 किलोमीटरचा रस्ता साफ केला आणि सुरुंग पेरलेली 15 ठिकाणं शोधली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली. कानाचा पडदा फाटला. तरी दुसऱ्याला काम सोपवायला ते तयार झाले नाहीत, कारण आता शत्रूची पद्धत आपल्याला कळली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. या कामगिरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

भगतांचा शेवटचा काळ कोलकात्यात गेला. लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाल्यावर ते दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्ष झाले. धरणं, वीज आणि पाणी सांभाळणाऱ्या या संस्थेचं मुख्यालय कोलकात्यात आहे. तरुणपणी ज्याने जमिनीतला मृत्यू उपसून काढला, त्याच्या हाती निवृत्तीनंतर नदीखोऱ्यात वीज-पाणी पोचवण्याचं काम आलं. मे 1975 मध्ये कोलकात्यातच त्यांचं निधन झालं.

दुसरे रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल 1948 मध्ये जम्मूतल्या नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर भारतीय रणगाडे अडकून पडले होते. रस्त्यात सुरुंग होते, तोडलेली झाडं होती आणि डोंगरावरून गोळीबार चालू होता. 8 एप्रिलला काम सुरू होताच तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघं मारले गेले. राणे स्वतःही जखमी झाले. तरी ते मागे फिरले नाहीत. एका वेळी तर ते रणगाड्याच्या खाली शिरले आणि रणगाड्याबरोबर सरपटत पुढे सरकत दोरी ओढून चालकाला इशारे देत राहिले. 11 एप्रिलपर्यंत रस्ता खुला झाला आणि 12 तारखेला सैन्य राजौरीत पोचलं. तिथे अडकलेल्या लोकांची सुटका झाली. सेकंड लेफ्टनंट राणे यांना परमवीर चक्र मिळालं. हयातीत हा सन्मान मिळालेले ते पहिले वीर.

मात्र युद्धात सुरुंग काढणं आणि युद्धानंतर सुरुंग काढणं यात मोठा फरक आहे. युद्धात एक अरुंद वाट मोकळी झाली की सैन्य पुढे सरकतं, बाकीचे सुरुंग बाजूला तसेच राहतात. युद्धानंतर मात्र वाट पुरत नाही. शेत हवं, विहिरीपर्यंतची पायवाट हवी, शाळेचं मैदान हवं, स्मशानाची जागा हवी. शंभरातले नव्व्याण्णव सुरुंग निघाले तरी उरलेल्या एकासाठी अख्खं शेत पडीक राहतं.

1971: घरी परतणाऱ्यांच्या वाटेवर

हा फरक कोलकात्याच्या लोकांनी 1971 नंतर अगदी जवळून पाहिला. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. आज जिथे सॉल्ट लेकची टुमदार वस्ती आहे, तिथल्या मोकळ्या जागेवर तेव्हा निर्वासितांची मोठी छावणी होती. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, बांगलादेश स्वतंत्र झाला आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित आपल्या गावी परत निघाले.

पण गावं तशी राहिली नव्हती. सीमेवरचा हिली आणि दिनाजपूर हा भाग घनघोर लढाईचा होता. तिथे शेतांत आणि रस्त्यांवर सुरुंग पेरलेले होते. नुकतेच शस्त्र खाली ठेवलेले बांगलादेशी मुक्तियोद्धे ते शोधून काढू लागले. लोक घरी येण्याआधी जमीन साफ व्हावी, एवढीच त्यांची इच्छा. शोधलेले सुरुंग आणि दारूगोळा ते दिनाजपूरच्या महाराजा शाळेत आणून ठेवत. तिथेच त्यांची छावणीही होती. 6 जानेवारी 1972 च्या संध्याकाळी तिथे प्रचंड स्फोट झाला. शेकडो तरुण त्यात गेले. युद्धातून जिवंत परतलेली ही मुलं, विजयानंतर तीन आठवड्यांनी, शाळेच्या आवारात मेली. दिनाजपूरमध्ये आजही दरवर्षी त्यांचं स्मरण होतं.

त्या स्फोटाने दाखवलेला धडा आज जगभर पाळला जातो. काढलेली स्फोटकं माणसांच्या वस्तीजवळ साठवायची नाहीत. शक्य असेल तर सुरुंग आहे तिथेच, माणसं दूर करून, उडवून टाकायचा.

जमिनीसारखंच समुद्राचंही झालं होतं. चितगाव बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग टाकलेले होते आणि बुडालेल्या जहाजांनी मार्ग अडवला होता. नव्या देशात धान्याची टंचाई आणि धान्याची जहाजं यायची तर याच बंदरातून. एप्रिल 1972 मध्ये सोव्हिएत नौदलाचा ताफा रिअर अॅडमिरल सर्गेई झुएन्को यांच्या नेतृत्वाखाली तिथे आला. गढूळ पाण्यात काहीच दिसत नसे, पाणबुडे हातांनी चाचपून काम करत. हे काम जून 1974 पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून जास्त चाललं. युरी रेडकिन नावाचा तरुण खलाशी या कामात दगावला. तो आपल्या देशापासून हजारो किलोमीटर दूर, पतेंगाच्या किनाऱ्यावर पुरला आहे.

युद्ध चाललं 13 दिवस. त्यातलं एक बंदर साफ करायला दोन वर्षं.

सुरुंग नेमका काढतात कसा?

पहिलं साधन असतं गप्पा. साफसफाई करणारं पथक गावात येतं, तेव्हा ते आधी माणसांशी बोलतं. कुठल्या वाटेने तुम्ही जात नाही? कुणाची गाय कुठे मेली? लढाईच्या वेळी सैनिक कुठे तळ ठोकून होते? म्हाताऱ्या बायका, गुराखी पोरं आणि सरपणाला जाणाऱ्या बायकांना जे माहीत असतं, ते कुठल्याच नकाशात नसतं. या चौकशीमुळे भीती वाटणारी पण प्रत्यक्षात सुरक्षित असलेली बरीच जमीन लगेच मोकळीही होते.

मग धोक्याच्या जागेला खुणा केल्या जातात. कुठे लाल फलक, कुठे रंगवलेल्या काठ्या. काही देशांत दगडांना रंग देतात. लाल दगड म्हणजे धोका, पांढरा दगड म्हणजे मोकळी जमीन. न वाचता येणाऱ्यालाही ते समजतं.

त्यानंतर खरं काम. जाड कवच आणि तोंडावर पारदर्शक ढाल घातलेला माणूस साधारण एक मीटर रुंदीच्या पट्ट्यात गुडघ्यावर बसतो. आधी गवत हळूच कापायचं, तार आहे का पाहायचं. मग मेटल डिटेक्टर फिरवायचा. आवाज आला की तिथली माती बाजूने, तिरक्या कोनात, अलगद उकरत जायची. वरून दाब पडता कामा नये. बहुतेक वेळा हाती लागतं ते काय? खिळा, पत्र्याचा डबा, गोळीची पुंगळी. पण प्रत्येक आवाज सुरुंगाचाच आहे असं धरूनच उकरावं लागतं. दिवसभरात काही चौरस मीटर जमीन पुढे सरकली तरी पुष्कळ.

त्यात निसर्ग भर घालतो. लोह जास्त असलेल्या तांबड्या मातीत डिटेक्टर उगाच वाजत राहतो. काही सुरुंग प्लॅस्टिकचे असतात, त्यांत धातू नावालाच. पावसाळ्यात माती वाहते आणि डोंगरउतारावरचे सुरुंग जागा सोडून खाली येतात. मग नकाशा असला तरी उपयोग नाही. काश्मीरमध्ये ताबारेषेजवळ हा त्रास नेहमीचा आहे.

म्हणून माणसाच्या मदतीला प्राणी आणले गेले. कुत्रे तर होतेच, पण टांझानियातल्या एका संस्थेने आफ्रिकेतल्या मोठ्या उंदरांना स्फोटकांचा वास ओळखायला शिकवलं. हे उंदीर इतके हलके असतात की त्यांच्या वजनाने सुरुंग उडत नाही. कंबोडियात काम केलेल्या मगावा नावाच्या उंदराने शंभराहून जास्त सुरुंग आणि स्फोटकं शोधली. 2020 मध्ये त्याला शौर्यासाठी सुवर्णपदक मिळालं! घरातल्या छोट्यांना ही गोष्ट जरूर सांगा. पण हेही सांगा की उंदराने जागा दाखवल्यावर पुढचं उकरणं माणसालाच करावं लागतं.

श्रीलंका: जमीन मोकळी झाल्यावर काय होतं

भारतीय सॅपरांचं कौशल्य पुढे शेजारच्या श्रीलंकेच्या कामी आलं. तिथल्या उत्तर भागात सरकार आणि तमीळ वाघ यांच्यातलं युद्ध पाव शतकाहून जास्त चाललं. दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरले. 2002 च्या युद्धबंदीनंतर 'होरायझन' आणि 'सर्वत्र' या भारतीय संस्था तिथे पोचल्या. भारतीय सैन्यात उभं आयुष्य सॅपर म्हणून काढलेली माणसं निवृत्तीनंतर तिथल्या भाताच्या शेतांत आणि ताडांच्या बनांत सुरुंग काढू लागली.

मे 2009 मध्ये युद्ध संपलं तेव्हा सुमारे तीन लाख माणसं छावण्यांत होती. त्यांना घरी जायचं होतं, पण घराच्या वाटेवर सुरुंग होते. भारत सरकारने सुरुंग काढणाऱ्या सात पथकांचा खर्च उचलला. जमीन मोकळी होत गेली तसतसं बाकीचं मागून आलं. भारताच्या मदतीने पन्नास हजार घरांची योजना सुरू झाली. उखडलेला उत्तरेकडचा रेल्वेमार्ग भारतीय रेल्वेच्या इरकॉन कंपनीने पुन्हा घातला आणि ऑक्टोबर 2014 मध्ये, 24 वर्षांनी, जाफन्याच्या स्टेशनात गाडी आली. रूळ घालणाऱ्यांच्या आधी त्या वाटेवरून सुरुंग काढणारे गेले होते.

गाव सावरतं म्हणजे काय, हे इथे नीट समजतं. आधी पायवाट, मग विहीर, मग शेत. शेत मिळालं की कर्ज मिळतं, बी-बियाणं मिळतं. रस्ता सुरक्षित झाला की शिक्षक आणि परिचारिका गावात यायला तयार होतात. मुलं शाळेत एकटी जाऊ लागली की आईला कामावर जाता येतं. यातलं काहीही सुरुंग निघाल्याशिवाय होत नाही.

आणि हे काम करणाऱ्यांत तिथल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. युद्धात नवरा गेलेल्या, घर एकटीने चालवणाऱ्या कितीतरी जणी कवच घालून रोज सुरुंगक्षेत्रात उतरतात. त्या पगारावर मुलं शिकतात. ज्या जमिनीने घर मोडलं, तीच जमीन साफ करून त्या घर उभं करत आहेत.

पाय गेला, आयुष्य नाही

सुरुंग काढल्याने पुढचे अपघात टळतात. पण ज्याचा पाय आधीच गेला, त्याचं काय? इथेही भारताने जगाला काही दिलं आहे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय तयार केला की तो घालून उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं, चिखलात उभं राहून भातलावणी करता येते. परदेशी कृत्रिम पायांना बूट लागत आणि आपल्या शेतकऱ्याला ते परवडतही नसत. 1975 मध्ये सुरू झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा जयपूर फूट गरजूंना विनामूल्य द्यायला सुरुवात केली. अफगाणिस्तानसारख्या सुरुंगांनी पोळलेल्या देशांतही तो पोचला.

पायाबरोबर माणसाला काम परत मिळणंही गरजेचं असतं. घरच्यांनी 'बिचारा' म्हणून खाटेवर बसवून ठेवलं तर पाय मिळूनही माणूस उभा राहत नाही. दुकान, शिलाई, शेती, जे आधी जमत होतं ते पुन्हा करू देणं, हेच त्याला सावरतं.

आपल्या घराजवळ

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर दोन गोष्टी लक्षात घ्या.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2001 मध्ये आपलं सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर उभं राहिलं. तेव्हा राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या सीमेलगत, शेतकऱ्यांच्या शेतांतही सुरुंग पुरले गेले. युद्ध झालंच नाही. सैन्य 2002 मध्ये मागे आलं, पण सुरुंग काढण्याचं काम पुढेही दीर्घकाळ चाललं आणि त्यात सॅपर व शेतकरी दोघांनाही किंमत मोजावी लागली. न झालेल्या युद्धाचीही जमीन साफ करावी लागते.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या रस्त्यावर माओवाद्यांनी पुरलेल्या स्फोटकांनी पोलिसांची गाडी उडवली. 15 जवान आणि गाडीचा चालक शहीद झाले. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने 60 सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली आणि तिथे शांततेची आशा वाढली. पण वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू आहे. रस्त्याखाली, पुलाखाली, तेंदूच्या जंगलात पुरलेलं स्फोटक आत्मसमर्पण करत नाही. ते शोधणारी पोलिसांची पथकं आणि त्यांना 'इथे जाऊ नका' असं सांगणारे गावकरी, दोघंही या शांततेचे कारागीर आहेत.

जगाच्या पातळीवर 1997 मध्ये ओटावा करार झाला. माणसांविरुद्धचे सुरुंग बनवायचे नाहीत, वापरायचे नाहीत, असं 160 हून जास्त देशांनी मान्य केलं. भारत त्यात नाही. लांब सीमांच्या संरक्षणासाठी सुरुंग लागतात, असं आपल्या सरकारचं म्हणणं आहे. मात्र सुरुंगांच्या वापरावर बंधनं घालणारा दुसरा आंतरराष्ट्रीय नियम भारताने स्वीकारला आहे. 2025 मध्ये पोलंड, फिनलंड आणि बाल्टिक देशांनी रशियाच्या भीतीने ओटावा करारातून बाहेर पडायचं ठरवलं. भीती समजण्यासारखी आहे. पण आज पेरलेला सुरुंग काढायला उद्याची मुलं लागणार, हेही तितकंच खरं.

संशयास्पद वस्तू दिसली तर

शेत नांगरताना, पाया खणताना, नदीकाठी किंवा जंगलात जुनी, गंजलेली, बॉम्बसारखी वस्तू दिसली तर घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवावं:

- हात लावू नका, हलवू नका, दगड मारू नका. गंजलेला म्हणजे निकामी, असं मुळीच नाही.
- जवळ उभं राहून फोटो काढू नका.
- आलात त्याच वाटेने, आपल्याच पावलांवरून मागे फिरा.
- इतरांना लांब थांबवा. शक्य असेल तर दुरून दिसेल अशी खूण करा.
- सुरक्षित अंतरावर आल्यावर 112 वर फोन करा किंवा पोलिसांना, सरपंचांना कळवा.
- भंगार म्हणून घरी आणू नका आणि विकू नका. जगात कितीतरी मुलांचे जीव असेच गेले आहेत.

दरवर्षी 4 एप्रिल हा दिवस सुरुंगांबद्दल जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुलांना आणखी एका देशाचं नाव सांगता येईल. आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये एके काळी सुरुंगांमुळे गावंच्या गावं ओस पडली होती. सुमारे वीस वर्षं माणसं तिथे गुडघ्यावर बसून माती उकरत राहिली. सप्टेंबर 2015 मध्ये त्या देशाने आपली माहीत असलेली सगळी सुरुंगक्षेत्रं साफ झाल्याचं जाहीर केलं. त्यांचं युद्ध संपल्याची तारीख 1992 अशी पुस्तकात लिहिलेली आहे. पण डोळे मिटून शेतात पाऊल टाकता येण्यासाठी तिथल्या शेतकऱ्याला त्यानंतर तेवीस वर्षं थांबावं लागलं.